हिरव्या चहाचं नवरात्र

परवा सोसायटीच्या ग्रुपवर नवरात्रातल्या नऊ रंगांचा तक्ता आला आणि मी फोन पालथा ठेवला. मुंबईत आता देवीच्या आधी हा तक्ता येतो. कोणत्या वाराला कोणता रंग, ते पाहून बँकेतल्या, शाळेतल्या, दुकानातल्या बायका त्या रंगाची साडी नेसतात आणि जेवणाच्या सुट्टीत ओळीने उभ्या राहून फोटो काढतात. रेवा, अर्णव, तुम्ही इथून गेलात तेव्हा फार लहान होतात, तुम्हाला हे आठवणार नाही. देवीने हे रंग कधी मागितले होते, मला ठाऊक नाही. तरी सकाळी बोरिवलीच्या रस्त्यावर एकाच रंगाचे घोळके दिसले की मला बरं वाटायचं. सगळ्या शहराने एका दिवसापुरतं एका गोष्टीवर एकमत केलंय, असं काहीतरी.

रविवारी फोनवर रेवाने मला तिचा कप दाखवला. काचेचा, आत फिक्या हिरव्या रंगाचं पाणी, कडेला लोंबणारी दोऱ्याची चिठ्ठी. म्हणाली, "आजी, ग्रीन टी सुरू केलाय. वजन उतरतंय. पण माझी मैत्रीण म्हणते, हे सगळं थोतांड आहे. तुला काय वाटतं?" मी म्हटलं, सावकाश लिहून कळवते. मुलं हसली. आजीला साध्या प्रश्नालाही कागद लागतो, असं अर्णव म्हणाला. ते खरंच आहे. शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवल्यावर उत्तर मुद्देसूद लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण या उत्तराचे मुद्दे काही केल्या सरळ रांगेत उभे राहत नाहीत.

आमच्याकडच्या या दिवसांना धड नावसुद्धा नाही. पाऊस गेलेला असतो, थंडी येणार नसते. पुस्तकात लिहितात शरद, आणि चांदण्याबिंदण्याचं वर्णन करतात. इथे त्याला सगळे ऑक्टोबर हीट म्हणतात. गोराईच्या खाडीकडून ओलसर, खारट वारा येतो आणि इमारतींच्या मधेच कुठेतरी मरतो. दुपारी गॅलरीचा कठडा हाताला चटका देतो. संध्याकाळी आवारात लाऊडस्पीकर बांधणारी माणसं शिड्या टेकवतात, रात्रीच्या गरब्यासाठी फरशीवर पाणी मारतात, आणि त्या तापलेल्या फरशीतून जी वाफ उठते, तिचा वास माझ्या नाकात बसला आहे. त्या वासाबरोबर विद्या येते.

विद्या म्हणजे तुमची धाकटी आजी. तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची, दिलीपची बायको. माझी जाऊ. ती आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायची. तिला जाऊन आता काही वर्षं झाली.

ती जाडी होती. मी हे सरळच लिहिते, कारण तिच्या बाबतीत ते सगळे सरळ तोंडावरच म्हणायचे आणि तीही मागे राहायची नाही. लिफ्टमध्ये शिरताना आधीच सांगायची, "मी आले, आता दोघी उतरा." हसली की आधी खांदे हलायचे, मग पोट, मग आवाज यायचा. चहा तिला कपभर पुरायचा नाही. रोज सकाळी माझ्या गॅलरीतल्या कुंडीतली गवती चहाची पात कापायला खाली यायची, आलं माझ्याच घरचं न्यायची, आणि वरच्या स्वयंपाकघरात असा काही चहा उकळायची की वास जिन्यातून खाली यायचा. सोबत खारी, टोस्ट, कधी बटर. साकीनाक्याला प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात ती हिशेब बघायची. आयुष्यभर बसून काम, आणि येता-जाता स्टेशनांचे जिने. शेवटी गुडघ्यांनी तक्रार केली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, आणि वजन उतरवा, मग बघू, असं सांगून वाटेला लावलं.

ऑफिसातल्या मुलींनी तिला ग्रीन टीचा रस्ता दाखवला. त्यातल्या एकीच्या बहिणीचं म्हणे लग्नाआधी नुसत्या ग्रीन टीने पोट गेलं होतं. आमच्यासारख्या कोकणातल्या घरांत हिरवा चहा म्हटलं की कुंडीतली ती पातच डोळ्यांसमोर येते. विद्यालाही आधी तेच वाटलं, आणि आपण तर जन्मभर तोच पितोय, मग वजन का नाही उतरलं, असं तिने त्या मुलींना विचारलं. त्या पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी ती दुकानातून खोका घेऊन आली. पहिला घोट घेतला तेव्हा मी समोर होते. तोंड वाकडं करून म्हणाली, "वैनी, आपण पालेभाजी उकडून पाणी फेकून देतो ना, ते पाणी आहे हे." पण नेमाने पीत राहिली. सकाळी, जेवणानंतर, संध्याकाळी. गवती चहाची पात न्यायला येणं बंद झालं. त्या पावसाळ्यात माझी कुंडी नुसती माजली. पाती वाऱ्याने ग्रिलवर घासल्या जायच्या आणि उगाचच वास सुटायचा.

आणि वजन उतरायला लागलं.

गणपतीच्या सुमाराला ते सगळ्यांच्या नजरेत आलं. आधी चेहरा, मग दंड, मग मनगटातल्या बांगड्या. दूधवाल्यापासून देवळातल्या बायकांपर्यंत सगळे तिला थांबवून सांगायला लागले: बारीक झालीस गं.

या शब्दाबद्दल मला थोडं लिहायचं आहे, मुलांनो, कारण माझ्या एका आयुष्यात तो पूर्ण उलटा झालेला मी पाहिला. माझ्या आईच्या तोंडून 'बारीक झालीस' हे ऐकू आलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: बरं नाही का? जेवत नाहीस का? सासरी काही होतंय का? बाळंतिणीला, परीक्षेहून आलेल्या मुलाला, नोकरीसाठी परगावी राहिलेल्या भावाला आई तो शब्द म्हणायची आणि म्हणता म्हणता हाताने चाचपून बघायची. तिच्याकडे त्याची आणखी रूपं होती. वाळलीस, रोडावलीस, खंगलीस. प्रत्येकाची पायरी वेगळी, आणि कुठल्या पायरीला वैद्याकडे न्यायचं ते तिला कळायचं. आता ती सगळी रूपं गेली, एक 'बारीक' तेवढा राहिला, आणि तो शाबासकीचा शब्द झाला. त्याच्यामागून येणारा प्रश्नही बदलला: काय करतेस? मलाही सांग ना.

विद्या सांगायची. मन लावून सांगायची. पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं गरम करायचं. साखर नाही, मध नाही. तिच्या ऑफिसात रिसेप्शनच्या मुलीने तोच खोका आणला, मग शेजारच्या युनिटमधल्या दोघींनी. "विद्या मॅडम, एकदम झकास ना," असं त्या म्हणतात, हे तिने मला दोनदा तरी सांगितलं असेल. जन्मात पहिल्यांदा लोक तिच्या शरीराबद्दल चांगलं बोलत होते. हे नीट लक्षात घ्या, नाहीतर पुढचं तुम्हाला वेडेपणा वाटेल. त्या आनंदात शंकेला शिरायला जागाच नव्हती.

शंका घेण्यासारखं पुष्कळ होतं. पण प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं. भूक लागत नाही? ग्रीन टीचं कामच ते, भूक मारायचं. थकवा येतो? कमी खाल्ल्यावर येणारच. पोटापासून पाठीपर्यंत दुखतं? गादी जुनी झाली. दिलीपने नवी गादी आणली. अंगाला खाज सुटते? ऑक्टोबर आहे, घामोळं असेल. तिने पावडर लावली. एकेक उत्तर अगदी शहाणपणाचं होतं. कुठलंही एक घेऊन तुम्ही आजही मला विचारलंत, तर मी कदाचित तेच देईन. फक्त ती सगळी उत्तरं शेजारी शेजारी कुणी मांडली नाहीत.

नवरात्राच्या आधी ती ब्लाउजांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. नऊ रंगांच्या नऊ साड्यांची जमवाजमव झाली होती, पण सगळे ब्लाउज अंगावर लोंबत होते. शिंप्याकडे नवरात्राची गर्दी, म्हणून घरीच टाके घालायचे ठरलं. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, पुढे कधी सैल करावं लागलं तर असावं म्हणून, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. विद्याच्या ब्लाउजांत माया उरलेलीच नव्हती, वर्षानुवर्षं ती उसवून उसवून वापरून टाकली होती. आता मी दोन्ही बाजूंनी आत घेत गेले आणि शिवणीच्या आत कापडाचे थर जमत गेले. ती घालून बघायची, हात वर करायची, आणि म्हणायची, "वैनी, आणखी घ्या." शेवटी बगलेतली ती जाड शिवण तिला रुतायला लागली. "ही माया टोचते हो," म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मी सुई खाली ठेवली तेव्हा तिच्या पाठीचे मणके मला मोजता आले असते. त्या पाठीवर पूर्वी मी थाप मारली की हात रुतायचा.

घटस्थापना झाली. उपास तिचे दरवर्षीचेच. पूर्वी ती म्हणायची, उपासाने माझं वजन वाढतं, आणि ते खरंच होतं. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी. त्या वर्षी खिचडीची बशी तिने समोर ठेवली, दाणे चमच्याने इकडून तिकडे केले आणि दिलीपकडे सरकवली. उपासात कोण कमी जेवलं, हे कुणी बघत नाही. उपासच तो.

पिवळ्या रंगाच्या दिवशी ती दारात उभी राहिली तेव्हा मी खरंच बघत राहिले. हळदीच्या रंगाची साडी, जांभळे काठ. गालांची हाडं वर आलेली, मान लांब झालेली. डोळे मोठे दिसत होते. आमच्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, आज तर विद्याताईंच्या डोळ्यांतसुद्धा पिवळा रंग उतरलाय. सगळ्यांनी ती तारीफच समजली. ऑफिसात ओळीने उभं राहून फोटो झाला, मग तिचा एकटीचा, खिडकीपाशी. तो संध्याकाळी तिने सगळ्या ग्रुपांवर टाकला. फुलं, टाळ्या, हृदयं, असा नुसता पाऊस. आयुष्यात कधी स्वतःचा एकटीचा फोटो तिने कुणाला पाठवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी राखाडी रंग होता.

सकाळी ती निऱ्या नीट करून घ्यायला खाली आली. ऊन गॅलरीतून सरळ आत पडलं होतं. मी वाकून निऱ्या बसवल्या, पदराला पिन लावायला उभी राहिले, आणि तिचं तोंड माझ्या समोर आलं. अंगावर पिवळं काही नव्हतं. डोळे कालच्याइतकेच पिवळे होते.

मी पिन खाली ठेवली आणि तिची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली. तिने विचारलं, काय गेलंय का डोळ्यात? मी म्हटलं, आज ऑफिसला जायचं नाही. तिने वाद घातला. ग्रुप फोटो आहे, राखाडी साडी मुद्दाम आणली, सगळ्या वाट बघतील. मी दिलीपला हाक मारली.

आमचे डॉक्टर तिला पंचवीस वर्षं ओळखत होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, आणि वजन कधीपासून उतरतंय ते विचारलं. विद्या ताठ बसली. जरा अभिमानाने तिने सगळं सांगितलं, दिवसाला किती कप, पाणी कसं गरम करायचं. तिचं संपल्यावर चष्मा काढून म्हणाले, "विद्याताई, ग्रीन टीने इतकं वजन उतरत नाही."

ती म्हणाली, "मग कशाने उतरलं?"

त्यांनी चाचण्यांची नावं लिहायला घेतली. बाहेर पडताना विद्या मला म्हणाली, डॉक्टरांना काय कळतंय, ते कॉफी पितात. पण जिना उतरताना तिने माझा हात धरला होता.

त्यानंतरच्या महिन्यांचं मी फारसं लिहिणार नाही. दुखणं स्वादुपिंडाचं होतं, आणि ते हात लावण्यापलीकडे पसरलं होतं. आपल्या भाषेत त्या अवयवाला हे नाव आहे, हे तिला रिपोर्टनंतर कळलं. "नाव तर मिठाईच्या दुकानातलं वाटतंय," म्हणाली. आणखी थोडं आधी कळतं तर वाचली असती का, असं दिलीपने मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हे दुखणं बहुतेकदा उशिराच कळतं. ते खरंच असावं. पण 'सांगता येत नाही' या तीन शब्दांबरोबर दिलीप अजून राहतो आहे.

मग सगळंच उलटं झालं. आहार सांगणारी मुलगी यायची आणि म्हणायची, वजन वाढलं पाहिजे. दुधात पावडर, भातावर तूप, लोणी, खजूर. वजनाच्या काट्यावर उभं राहताना विद्या जुन्या सवयीने आकडा कमी दिसला की हसायची, आणि मग आमची तोंडं बघून हसू आवरायची. एकदा मी तिला शिऱ्याचा चमचा भरवत होते, तेव्हा म्हणाली, "जन्मभर माझ्या हातातला घास काढून घेतलात सगळ्यांनी. आता चमचा घेऊन मागे लागलाय. मी कधी काय खायचं, ते तुम्ही तरी एकदा ठरवा, वैनी." त्यात राग नव्हता, असं मी स्वतःला सांगत आले आहे. होता.

आंब्याच्या पेट्या बाजारात यायच्या आधी ती गेली.

तर रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी डॉक्टरांना नंतर नीट विचारलं, आणि जे वाचता येईल ते वाचलंही. ग्रीन टीने मोठ्या माणसाचं वजन उतरतं का? उतरलंच तर इतकं थोडं की काट्यालाही धड समजू नये. साखरेचा, सायीच्या दुधाचा चहा सोडून त्याजागी हा घेतलास, तर ती साखर आणि ते दूध पोटात जात नाही, एवढा फायदा खरा. कपभर, दोन कप पिऊन प्रकृतीला सहसा अपाय नाही. पण त्याच्या अर्काच्या गोळ्या मिळतात, त्या मात्र मनाने घेऊ नकोस. त्यांनी काहींच्या यकृताला इजा झाली आहे. बाकी चालणं, जेवण, झोप हे तुला तुझ्या आईने सांगितलेलंच आहे.

तुला दिलीपचा प्रयोगही सांगते. विद्याने स्वस्त मिळाले म्हणून खोक्यांवर खोके आणून ठेवले होते. ती गेल्यावर ते फेकवेनात म्हणून दिलीप ते रोज पीत बसला. तोंड वाकडं न करता, तिच्याच कपातून, शेवटची पुडी संपेपर्यंत. त्याचं पोट होतं तिथेच आहे.

मला तुला खरं म्हणजे वेगळंच विचारायचं आहे. तू वजन उतरवते आहेस, की ते आपोआप उतरतंय? भूक लागते ना? या दोन प्रश्नांची उत्तरं मला फोनवर नकोत, आईला दे, आणि जरा जरी अडखळलीस तर तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा. कुणी तुला बारीक झालीस म्हटलं तर खूश जरूर हो. पण माझ्या आईचा प्रश्न तेव्हा तुझा तूच स्वतःला विचारत जा. तसं म्हणणारं कुणी तो आता विचारत नाही.

आज सकाळी मी वर दिलीपकडे गेले होते. नवरात्रात तिच्या फोटोला तो रोज ताजा हार घालतो. फोटो कुठला लावायचा यावर तेव्हा माझं आणि तिच्या मुलाचं, मिहिरचं, थोडं वाजलं होतं. मला तिचा जुना हवा होता, गोराईच्या जेट्टीवरचा, जाडजूड, वाऱ्याने केस उडालेला, तोंड उघडं टाकून हसणारा. मिहिर म्हणाला, "काकू, आईला तो अजिबात आवडायचा नाही. तिला खिडकीपाशीचाच आवडायचा." आणि ते खरंच होतं, म्हणून मी हट्ट सोडला. पिवळ्या साडीतला तो फोटो त्याने मोठा करायला दिला. स्टुडिओवाल्याने फोन करून विचारलं होतं की साडीचा रंग डोळ्यांत उतरलाय, जरा पांढरे करून देऊ का. मिहिर हो म्हणाला. त्याच्या ते तेव्हा लक्षात आलं की नाही, मी कधी विचारलेलं नाही.

भिंतीवरची विद्या बारीक आहे, सुंदर आहे, आणि तिचे डोळे पांढरेस्वच्छ आहेत. येणाऱ्या बायका हळदीकुंकवाची बोटं पुसत तिच्यासमोर थांबतात आणि म्हणतात, शेवटी शेवटी किती छान दिसायला लागल्या होत्या. दिलीप मान डोलावतो.